एकवीस दीस

चांदरला, एरमेलिंदबायच्या घरामागे
झावळ्यांच्या छपराखाली ती उभी होती.
आरशात कोळ्याचं जाळं,
जाळ्यामागे तुकड्यातुकड्यांनी मी.

दोन हजार चारची. साडेतीनशे सीसी.
मीटरवर एकसष्ट हजार तीनशे आठ.
शाबा मिस्त्री म्हणाला, केबल तुटली की आकडे थांबतात,
गाडी थोडीच थांबते.

त्यानं टाकीचं झाकण उघडलं, नाक खुपसलं,
"पेट्रोलचा डिंक झालाय," म्हणाला.
टॉर्च मारला तर आत तांबडं,
बंद खाणीच्या तळाशी साचतं तसं.
टायर कडक, भेगाळलेले,
साखळीचा एक दुवा दुसऱ्याशी बोलेना.
मग प्लग काढून, दोन थेंब तेल सोडून,
गिअर टाकून मागचं चाक त्यानं हळूच फिरवलं
आणि आत कुठंतरी पिस्टन
सरकला.

शाबानं माझ्याकडे पाहिलं नाही.
हे लक्षण बरं नव्हे. त्याला गाडी आवडली होती.

बाय बेचाळीस हजार मागते.
वर टायर, क्लच प्लेटा, कार्ब्युरेटर, वायरिंग
(वायरिंग उंदरांनी आधीच सोडवलेलं),
आणि पंधरा वर्षं उलटून गेलेल्या कागदांसाठी
आरटीओच्या किती फेऱ्या, देव जाणे.
शाबा सिगारेटच्या पाकिटावर बेरीज मांडत गेला,
एकूण लिहायची वेळ आली तेव्हा
पाकीट उलटं करून त्यानं मला एक सिगारेट दिली.
मी ओढत नाही. घेतली.

मी वीज खात्यात. त्रेपन्न संपत आलं.
लोकांची चुकलेली बिलं दुरुस्त करतो.
लांबात लांब गेलो तो बेळगावला,
बसनं, मेहुण्याच्या मोतीबिंदूसाठी.
घरी विचारतील, कुठं जायचंय एवढं?
त्याचंच उत्तर तयार नाही.

हिचा मालक, बोनिफास, बोटीवर होता.
सहा महिने समुद्र, मग घरी येऊन
चार दिवसांत गाडीवर सामान.
"पाणी सोडून काहीही दाखव म्हणायचा,"
बाय सांगत होती, तांदळातले खडे काढता काढता.
आता तो स्विंडनला, मुलाकडे. दोन्ही गुडघे नवे.
दर आयतवारी फोनवर विचारतो, गेली?
ही सांगते, ना.
कोण घेणार हे विचारत नाही, ती म्हणाली,
गेली का, एवढंच.

उजव्या पिशवीत बुरशी धरलेला रेनकोट,
चौदा-पंधराचा पाना,
चित्रदुर्गच्या कुठल्याशा लॉजची पावती: एक खोली, एक बादली गरम पाणी.
मी पावती दोनदा वाचली.
डाव्या पिशवीकडे हात नेला
तशी बाय सूप खाली टाकून धावली.

आत कोंबडी.
फुगलेली, पिवळ्या डोळ्यानं माझ्याकडे रोखून,
खाली अंडी, किती ते दिसेना.
"कालच बसली," बाय म्हणाली. "एकवीस दीस.
तोवर गाडी हलवायची नाही."

मी खिशातून पाचशे काढले, विसार म्हणून.
तिनं घेतले नाहीत.
"पिल्लं निघू देत. मग तुझं मन असलं तर ये,
नसलं तर नको येऊ. दोन्ही चालेल."

परत येताना शाबा म्हणाला,
नको घेऊ.
बोरीच्या पुलावर म्हणाला,
टाकी मी आतून धुवून देईन, त्याचे पैसे नको.
फोंड्याला उतरताना काहीच म्हणाला नाही.

आज आठवा दिवस.
सकाळी खात्याच्या कामासाठी मडगावला गेलो होतो,
वाटेवर होतं म्हणून डोकावलो, असं बायला सांगितलं.
फोंड्याहून मडगावला जाणारी कुठलीही वाट
चांदरला वळत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.
तिनं मूठभर कणी माझ्या हातावर ठेवली.
मी झावळ्यांखाली वाकून
डाव्या पिशवीच्या तोंडाशी हात धरला.
कोंबडी आधी टोचली.
मग खाऊ लागली.